नीरफणसाचा हिवाळा : सोलापूरच्या गच्चीवरच्या नोंदी

८ नोव्हेंबर

पहाटे साडेसहाला गच्चीवर १७ अंश. सोलापूरच्या माणसाला हे सुख आहे. उन्हाळाभर अंगाची काहिली सोसल्यावर आता कुठे पांघरूण ओढावंसं वाटतंय. पण माझा जीव ड्रममधल्या नीरफणसात, म्हणजे ब्रेडफ्रूटच्या झाडात, अडकलाय. हे झाड दमट, उबदार हवेचं. २१ ते ३२ अंशांत ते रमतं, १५च्या खाली वाढ थांबवतं, आणि पारा ५च्या आसपास गेला तर त्याच्या जिवावरच बेततं. सोलापुरात ५ सहसा होत नाही. पण थंडीची लाट आली की दहाच्या खाली उतरतो, आणि यंदा सुरुवात लवकर झालीये.

झाडाची हकीकत लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना कळेल एवढा खटाटोप कशासाठी. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. परसात विहिरीच्या कडेला जुना नीरफणस होता. त्याचे काप रव्यात घोळून तव्यावर परतले की आई दोन घास जास्त जेवायची. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात ते झाड मुळांसकट आडवं झालं. आपल्याकडच्या नीरफणसात बी नसतं, त्यामुळे झाड गेलं की सगळंच गेलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण मुळाला जखम झाली की तिथून फुटवा येतो, हीच या झाडाची वंश वाढवायची रीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर उघड्या पडलेल्या मुळांवर तीन फुटवे दिसले. मामाने त्यातला एक वीतभर मुळासकट कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिला. मी तो एसटीत मांडीवर घेऊन सोलापूरला आणला. म्हणजे हे त्या झाडाचं पिल्लू नव्हे, तेच झाड आहे.

पहिले दोन हिवाळे कुंडी लहान होती, रात्री उचलून स्वयंपाकघरात ठेवायचे. यंदा झाड दोनशे लिटरच्या निळ्या बॅरलच्या अर्ध्या भागात आहे. उंची मातीपासून साडेचार फूट, पानं अकरा. ओल्या मातीसकट वजन सव्वाशे-दीडशे किलो. ते आता जिन्यावरून खाली येणार नाही. काय करायचं ते गच्चीवरच.

१० नोव्हेंबर

मुळांचा विचार आधी. जमिनीतल्या झाडाला खालून ऊब असते. हात-दीड हात खोलीवर मातीला दिवस-रात्रीचा फरक जाणवतसुद्धा नाही. ड्रमला ते नशीब नाही. चहूबाजूंनी गार वारा आणि खालून गार स्लॅब. माशांच्या टाकीत घालतात तो काचेचा थर्मामीटर आणलाय, तो वीतभर खोल मातीत खुपसून ठेवला. सकाळी सातला माती १९, हवा १७.

१७ नोव्हेंबर

ड्रम हलवला. शेजारची दोन पोरं, भाऊ आणि मी. खाली जुन्या सायकलच्या टायरचे दोन तुकडे घालून ओढत नेला, त्यामुळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग वाचलं.

नवी जागा जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे या भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. रात्री आठला भिंतीला हात लावला तर चुलीमागच्या भिंतीसारखी कोमट लागते. शिवाय उत्तर-पूर्वेकडून येणारा कोरडा वारा अडतो. ड्रमखाली सहा विटा आणि त्यावर जुन्या पलंगाची फळी, स्लॅबपासून सुटा केला.

बाकी काहीच न करता फक्त जागा बदलली असती तरी निम्मं काम झालं असतं, असं मला आता वाटतंय.

१८ नोव्हेंबर

आज एक चूक कळली. दिवाळीच्या आधी एका रोपवाटिकेत विचारलं होतं, तिथल्या माणसाने युरिया टाकायला सांगितला, आणि मी चमचाभर टाकला. त्याने दोन नवी पानं लुसलुशीत आलीत, हिरवी-पिवळी, बोट लावलं तर वाकतील अशी. थंडीच्या तोंडावर कोवळी पालवी म्हणजे बाळंतिणीला पावसात बाहेर काढण्यासारखं. दसऱ्यानंतर नत्राचं खत बंद करायला हवं होतं. झाडाला या दिवसांत वाढवायचं नसतं, थांबवायचं असतं. आता फक्त पाणी, तेही मोजून.

२४ नोव्हेंबर

ड्रमला पांघरूण घातलं. आधी कडब्याचा विचार होता. मालदांडी ज्वारीचा कडबा आतून भुसभुशीत असतो, हवा धरून ठेवतो. पण नवी ज्वारी अजून रानात उभी आहे, जुना कडबा महाग, आणि गुरांच्या तोंडचा घास मी झाडाभोवती गुंडाळणं बरं दिसत नाही. कारखाने सुरू झालेत, ऊसतोड चालू आहे. मोहोळकडच्या एका सहकाऱ्याने दोन पोती पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, मोटारसायकलवर टाकून आणून दिलं.

ड्रमभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वीतभर अंतर सोडून उभी केली आणि मधल्या पोकळीत पाचट भरलं. दाबून भरलं नाही. ऊब पाचटात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. ठासून भरलं की हवा निघून जाते. त्यावरून सोलापुरी चादर. मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब बघते, तिथे विणीत दोष असलेल्या चादरी कामगारांना कमी भावात मिळतात. एक लाल-काळी, मोराची नक्षी असलेली घेतली. शेजारचे अण्णा गच्चीवर आले, बघत उभे राहिले, म्हणाले, "काय बांधलालीस गं पोरी? नवरदेव हाय काय?" आणि मग स्वतःच सुतळीचं दुसरं टोक धरून गाठ मारून दिली. साठ वर्षं मागावर काढलेला माणूस, त्यांची गाठ माझ्याच्याने सुटेना.

वर मातीवर दोन इंच सुका पाला. खोडापासून चार बोटं मोकळी सोडली, नाहीतर साल कुजते.

२ डिसेंबर

ढगाळ. पहाटे १९ अंश. ढग असले की रात्रीची उष्णता वर निसटत नाही. निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा, तीच घातक रात्र.

११ डिसेंबर

आभाळ लख्ख. पहाटे हवा ११.४, पण मातीत १७. पाचटाने काम केलं. पानं मात्र सगळी खाली मान टाकून. कोवळ्या दोन पानांच्या कडा काळपट पडल्यात, जणू कुणी कडेने चहाचा डाग पाडलाय.

हवेत ओलावाही नाही, दुपारी मीटरवर २४ टक्के. कोकणातल्या झाडाला हा दुहेरी मार. मुळं गार पडली की पाणी वर चढवत नाहीत, आणि कोरडी हवा पानातलं पाणी ओढून घेते. गारठ्याने जेवढं नुकसान होतं तेवढंच या तहानेने होत असावं.

१२ डिसेंबर

आता वरच्या भागालाही आडोसा हवा. तीन बांबू तिकाटण्यासारखे उभे करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद टाकला. रात्री नऊला आत १४, बाहेर १२. झोप लागली.

१४ डिसेंबर

नको ते झालं. काल महिन्याचा हिशेब होता, सकाळी साडेसातलाच घर सोडलं आणि कागद उघडायचा राहिला. आईच्या गुडघ्याला जिना झेपत नाही. दुपारी दोनला भाऊ वर गेला तेव्हा आत ४३ अंश. संध्याकाळी मी पाहिलं तर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि जिथे जिथे पान प्लॅस्टिकला टेकलं होतं तिथे तिथे उकडल्यासारखा तपकिरी ठिपका. मोठ्या पानावर बोटाएवढे सात ठिपके. पहाटे थंड प्लॅस्टिकला चिकटून गारठलं, दुपारी वाफेत शिजलं.

सोलापुरातली थंडी अशीच आहे. पहाटे ११, दुपारी ३०. सतत गोठलेल्या मुलखात झाड एकदा झाकलं की झाकलं, ते महिनोन् महिने तसंच राहतं. इथे रोज झाकायचं आणि रोज उघडायचं. ज्याला रोज सकाळी उघडणं जमणार नाही त्याने प्लॅस्टिक वापरूच नये.

कागद काढून टाकला.

१५ डिसेंबर

क्रॉप कव्हर आणलं. कलिंगडाच्या आणि डाळिंबाच्या बागेत पांढरं, विरळ, न विणलेलं कापड अंथरलेलं दिसतं, ते. सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबवाले ते उन्हाच्या चट्ट्यांपासून आणि थंडीपासून फळ वाचवायला वापरतात. १७ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. हवा जाते, घाम धरत नाही, उजेड बराचसा आत येतो. विसरून दुपारी बंद राहिलं तरी झाड शिजणार नाही. ऊब एक-दीड अंशच मिळते, म्हणून दुहेरी घडी केली. बांबूंवर टाकून खाली विटांनी दाबलं. पानाला टेकू द्यायचं नाही हा नियम इथेही आहेच.

१७ डिसेंबर

पहाटे पावणेसातला ९.२. माझ्या तीन वर्षांच्या वहीतला सगळ्यात खालचा आकडा. कव्हरच्या आत १०.८, माती १५.५. पहाटे पाचपेक्षा सूर्योदयाच्या वेळी जास्त गार असतं, ते रोज मोजल्यावर पटलं. ऊन अंगावर येईपर्यंत स्लॅब उष्णता सोडतच असतो.

एक अंश आणि थोडा, एवढ्याने भागणार नाही. आत ऊब ठेवायला काहीतरी हवं. भाऊ म्हणाला, साठचा पिवळा बल्ब लाव. मी नको म्हटलं. खाली सुकं पाचट, वर पातळ कापड, दवात भिजलेली वायर. वाऱ्याने बल्ब हलून पाचटाला टेकला तर झाड काय, घर जाईल.

१८-१९ डिसेंबर

पाण्याचा उपाय. पंधरा लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन धुऊन काळा रंग मारला, पाणी भरून दिवसभर भिंतीशी उन्हात ठेवले. संध्याकाळी साडेपाचला पाणी २९. सूर्य मावळायच्या आत ते झाडाच्या दोन बाजूंना कव्हरखाली ठेवले. सकाळी बाहेर ९.८, आत १२.९, पाणी १६वर उतरलेलं.

हिशेब मांडला, सवयच आहे. तीस लिटर पाणी तेरा अंशांनी उतरलं म्हणजे साधारण अर्ध्या युनिटाच्या थोडी कमी उष्णता बाहेर आली. साठ वॉटचा बल्ब साडेसात तास जळला तर जेवढी देईल तेवढी. ना वायर, ना ठिणगी, ना बिल. द्राक्षवाले थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, निफाडकडे तर दरवर्षी तसे फोटो पेपरात येतात. माझ्याकडे ही दोन कॅनची शेकोटी.

२० डिसेंबर

कॅन आत, कॅन बाहेर. आता ते अंगवळणी पडलंय.

२४ डिसेंबर

पानं गळायला लागली. आज तीन. देठ पिवळा पडतो, दुसऱ्या दिवशी हात लावला की टप्कन सुटतो, जागेवर पांढऱ्या चिकाचा एक थेंब. ११ जुनी आणि २ कोवळी होती, आता ६ उरलीत. कोवळी दोन्ही गेली.

खाली नेऊन पानं आईला दाखवली. हातभर लांबीची, खोल कातरलेली, वाळल्यावर चामड्यासारखी. तिने एक मांडीवर घेऊन त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पानां गेली तर जांव दी. मूळ रवाक व्हया." पानं गेली तर जाऊ दे, मूळ राहायला हवं. वादळानंतर मामाने फोनवर हेच सांगितलं होतं, असं ती म्हणाली. मला तेव्हा वाटलं होतं तो आईची समजूत काढतोय.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. अक्कलकोटकडच्या मैत्रिणीच्या शेतात जेवायला गेलो. कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपटात, पूजा, आंबील, भज्जी, बाजरीची भाकरी. तिच्या वडिलांना झाडाचं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी कधी देता?" मी म्हटलं, सकाळी कामावर जायच्या आधी, सातला, गच्चीवरच्या टाकीचं. ते काही बोलले नाहीत. बोअर चालू करून धारेखाली माझा हात धरला. पाणी कोमट होतं. मग हौदातल्या पाण्यात हात घालायला लावला. बर्फ.

जमिनीच्या पोटातलं पाणी बारा महिने जवळपास एकाच उबेचं असतं, म्हणून थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. थंडीत पहाटे बागेला बोअरचं पाणी सोडतात ते त्यासाठीच. आणि मी गच्चीवर रात्रभर गारठलेलं पाणी, पहाटे, आधीच गारठलेल्या मुळांवर ओतत होते. एकीकडे चादर पांघरायची आणि दुसरीकडे पायावर गार पाणी.

३१ डिसेंबर

नवा नियम. पाणी सकाळी अकरानंतर. ते मला जमत नाही म्हणून भाऊ देतो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते साठवलेलंच वापरायचं, पण आदल्या दिवशी उन्हात ठेवलेल्या काळ्या कॅनमधलं. कॅनचा दुसरा उपयोग.

आणि कमी द्यायचं. पानं निम्म्याने कमी झालीत म्हणजे झाड पाणीही निम्म्याने कमी पितंय. बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तरच तीन लिटर. ओली माती थंडीत लवकर सुकत नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वरून झाड थंडीने गेल्यासारखं दिसतं.

५ जानेवारी

पाचटात उंदीर. कुरतडलेली सुतळी आणि शेंगदाण्याची टरफलं सापडली. खालचं अर्धं पाचट काढून तिथे घडी केलेली गोणपाटं भरली, आणि जाळीच्या तळाला बारीक जाळी लावली. मातीचं तापमान तेवढंच राहिलं.

चादर दवाने ओली होऊन जड झाली होती. ओलं सुती कापड ऊब धरत नाही, उलट गार करतं. आता ती रोज सकाळी कठड्यावर वाळत टाकते आणि संध्याकाळी पुन्हा बांधते. अण्णांची गाठ आता मलाही येते.

१३ जानेवारी

भोगी. सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. दुपारी सिद्धेश्वर मंदिरात अक्षता सोहळा, नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सगळं शहर रस्त्यावर. लहानपणापासून ऐकत आलेय की या गड्ड्याच्या जत्रेत थंडी सगळ्यात कडक असते. यंदा पहाटे १५.८. ढग आहेत. कॅन आज आत ठेवले नाहीत.

उरलेली पानं चार.

१९ जानेवारी

पानं तीन. शेंड्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, आज नीट पाहिलं. नीरफणसाच्या टोकाला नवं पान एका लांबट टोकदार वेष्टनात मिटलेलं असतं, मिटलेल्या छत्रीसारखं. ते बोटभर लांब आहे, रंग फिका हिरवा, एका कडेला तपकिरी रेघ. दाबून पाहिलं. आत पोकळ लागत नाही, भरीव आहे. मऊ पडलं असतं तर शेंडा गेला म्हणायचं.

२६ जानेवारी

तरीही खात्री हवी होती. नखाने साल खरवडायची चाचणी केली, तीन ठिकाणी. टोकापासून चार बोटं खाली: सालीखाली हिरवं. मध्यावर: हिरवं. मातीजवळ: गर्द हिरवं, आणि खरवडल्याबरोबर चीक आला. डिसेंबरात हाच चीक कसा संथ, दाटसर येत होता. आज तो पातळ होऊन सालीवरून ओघळला. मी तो पुसला नाही. खाली येऊन आईला सांगितलं, तर ती देवघरातून उठून, गुडघ्याला हात लावत, एक एक पायरी चढत वर आली. ड्रमपाशी पाटावर बसली. अर्धा तास उन्हात बसून होती.

२ फेब्रुवारी

पहाटे १६, माती २०. चादर काढली, धुतली. कव्हर अजून ठेवलंय, फेब्रुवारीत एखादी गार रात्र येतेच.

१० फेब्रुवारी

अशी रात्र आली. १२.१. कव्हर होतं, कॅन होते.

१६ फेब्रुवारी

दुपारी ३५. पाचट आणि गोणपाटं काढली. तळाच्या भोकांतून एक पांढरट मूळ बाहेर आलंय, काडीएवढं जाड, टोक ताजं. थंडीत वर सगळं थांबलं होतं, खाली नाही. पाचट वाया घालवलं नाही, थोडं मातीवरच आच्छादन म्हणून पसरलं; आता ऊब नको, ओल टिकायला हवी.

खत अजून नाही. पहिलं पान पूर्ण उघडल्यावर मूठभर गांडूळखत.

२३ फेब्रुवारी

वेष्टन फुटलं. सकाळी ते फळीवर पडलेलं सापडलं, वाळून बोटासारखं वळलेलं, आणि खोडावर ते होतं तिथे गोल वळ. आतून पान बाहेर आलंय, अजून घडीतच, चुरगळलेल्या रेशमासारखं, पोपटी, त्यावर बारीक लव. एका टोकाला छोटासा काळा डाग आहे, जानेवारीत दिसलेल्या त्या तपकिरी रेघेचा. आईने कातरे मोजले: सात.

आता हीच जागा शत्रू होणार. हिवाळ्यात ऊब देणारी दक्षिणेकडची जागा एप्रिलमध्ये तव्यासारखी तापेल, आणि सोलापूरचं ४२-४३ अंशांचं कोरडं ऊन या झाडाला थंडीइतकंच वाईट. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली येते तिथे ड्रम न्यायचा, वर निम्मी सावली देणारं हिरवं शेडनेट. टायरचे तुकडे जपून ठेवलेत. येत्या रविवारी पोरांना बोलावलंय. अण्णा म्हणाले, मी पण येतो, सुतळी घेऊन ठेव.